विटा, गच आणि घुमट: इस्फहानच्या जामे मशिदीवर वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात इराणमधल्या इस्फहान शहरातल्या जामे मशिदीचा नकाशा आणि काही छायाचित्रे दिली होती. जामे म्हणजे शुक्रवारच्या सामूहिक नमाजाची, शहराची मुख्य मशीद. आठव्या शतकात तिचा पाया पडला आणि त्यानंतर जवळजवळ प्रत्येक राजवटीने तिच्यात काहीतरी पाडले, काहीतरी वाढवले. २०१२ पासून ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. आलेल्या पत्रांतले बरेच प्रश्न एकमेकांच्या जवळचे होते, म्हणून ते एकत्र करून उत्तरे देत आहोत.

प्रश्न (डिचोली): नकाशात मधल्या चौकाच्या चारही बाजूंना ‘ऐवान’ दाखवले आहेत. म्हणजे हा आपला चौसोपी वाडाच झाला ना? आणि तोंड एकाच दिशेला करून नमाज पढायचा तर चार दारांचे काम काय?

उत्तर: तुलना चांगली आहे, पण थोडी पुढे नेल्यावर अडते. चौसोप्यात सोपा चौकाच्या कडेने पुरा फिरतो, खांब-तुळयांवर उभा राहतो आणि चारही बाजूंना उंची साधारण सारखी असते. आपल्या जुन्या गोमंतकीय घरांतले राजांगणही तसेच. ऐवान सलग फिरत नाही. तो बाजूच्या ऐन मध्यावर येतो. तीन बाजूंना भिंती, वर विटांचे कमानदार छत आणि चौथी बाजू पुरी चौकाकडे उघडी, अशी ती एक उंच खोली. दोन ऐवानांच्या मधल्या जागेत कमानींच्या दुमजली ओळी आहेत. चौक साधारण ६५ मीटर लांब आणि ५५ मीटर रुंद आहे. त्यात उभे राहिले की चार मोठी तोंडे आपल्याकडे आ वासून बघताहेत असे वाटते.

तेव्हा ऐवान म्हणजे दार नव्हे. मशिदीत शिरायची दारे वेगळी, बरीचशी बाजारच्या गल्लीत उघडणारी आणि बाहेरून चटकन ओळखूही न येणारी आहेत. ऐवान हा प्रकार इस्लामच्या आधीचा, सासानी या जुन्या इराणी घराण्याच्या राजवाड्यांतला. इराकमध्ये तेसिफोनला ताक-ए-किस्रा नावाची जी विटांची कमान आजही उभी आहे, तिचा गाळा पंचवीस मीटरच्या आसपास आहे. ऐवानाचा तो सगळ्यात मोठा जुना नमुना.

इस्फहानात या चार ऐवानांना ‘सोफ्फे’ म्हणतात. ‘सोपा’ ओळखणाऱ्या मराठी कानाला हा शब्द परका वाटू नये. दक्षिणेचा साहेब, पश्चिमेचा उस्ताद, पूर्वेचा शागिर्द आणि उत्तरेचा दरवेश. उस्ताद आणि शागिर्द समोरासमोर बसवले आहेत, हे ध्यानात घ्या.

हे चार ऐवान मूळ आराखड्यात नव्हते. इ. स. ७७१च्या सुमाराची पहिली मशीद लहान होती. ८४०च्या सुमारास ती पाडून खूप मोठी बांधली. मध्ये मोकळा चौक, भोवती खांबांच्या ओळी आणि वर सपाट छप्पर, असे तिचे रूप होते. सेल्जुक या तुर्क घराण्यातला सुलतान मलिकशाह याच्या काळात, १०८६-८७ मध्ये, त्याचा वजीर निजाम-उल-मुल्क याने किब्ल्याच्या, म्हणजे मक्केच्या दिशेच्या, बाजूचे खांब काढून तिथे पंधराएक मीटर व्यासाचा घुमट उभारला. ११२१-२२ मध्ये मशिदीला मोठी आग लागली आणि त्यानंतरच्या बांधकामात खांबांच्या ओळी तोडून ऐवान बसवले गेले. म्हणजे जगभर ‘इराणी मशिदीचा आराखडा’ म्हणून जो ओळखला जातो, तो इथे फेरफारातून आला. हाच आराखडा पहिल्यापासून ठरवून बांधलेला पाहायचा तर इस्फहानच्या ईशान्येला झवारे गावातली ११३५-३६ची मशीद पाहावी. ती आकाराने लहान असल्यामुळे तिथे तो चटकन उमगतो.

दिशेचे म्हणाल, तर चारांतला एकच ऐवान किब्ल्याकडचा. त्याच्यामागे घुमट आणि घुमटाखाली मिहराब, म्हणजे ती दिशा दाखवणारा भिंतीतला कोनाडा. बाकीचे तीन चौकाचा तोल सांभाळतात, आणि बसायला, शिकवायला, सावलीला उपयोगी पडतात. नकाशात ज्याला दक्षिण म्हटले आहे ती खरे तर नैऋत्य, कारण इस्फहानहून मक्का नैऋत्येला येते. आपल्या गोव्याहून ती पश्चिमेच्या किंचित उत्तरेला येते.

प्रश्न (फोंडा, शाळेतील शिक्षिका): आठवीच्या मुलांकडून चौकोनी खोलीवर गोल घुमट असलेला नमुना करून घ्यायचा आहे. गेल्या वर्षी केला तेव्हा घुमट कोपऱ्यांवर टेकेना, आणि जो टेकला त्याला वाळताना खालून उभ्या चिरा पडल्या. कुठे चुकते?

उत्तर: दोन्ही ठिकाणी तुमची मुले जिथे अडली तिथेच अकराव्या शतकातले गवंडीही अडले होते. (वर्गात आधी एक स्पष्ट करून टाका: हा घुमट आरतीला वाजतो तो नव्हे. गोव्यातल्या मुलांच्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा मातीचे वाद्यच येते.)

आधी कोपऱ्यांचे बघू. खोली ३० सेंटिमीटर चौरस धरा. तिच्यावर ३० सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ ठेवले तर ते चारही भिंतींच्या मध्याला टेकते, पण प्रत्येक कोपऱ्यात ६.२ सेंटिमीटरची पोकळी राहते. या पोकळीवर घुमटाला आधार नाही. म्हणून चौकोनाचा आधी अष्टकोन करायचा. चौकोनाचा कर्ण ४२.४, त्याचा अर्धा २१.२. कंपासात २१.२ घ्या आणि प्रत्येक कोपऱ्यावर टोक ठेवून लगतच्या दोन्ही बाजू छेदा. आठ खुणा मिळतील. त्या जोडून कोपरे तिरके कापले की १२.४ सेंटिमीटर बाजूचा नेमका अष्टकोन तयार. प्रत्येक कोपऱ्यातून ८.८ सेंटिमीटर कापले जातात.

मुले हमखास काय करतात? बाजूचे तीन सारखे भाग पाडून १० सेंटिमीटर कापतात. मग चार बाजू १० च्या आणि चार १४.१ च्या होतात. डोळ्यांना अष्टकोन दिसतो, पण वर्तुळ त्यावर बसत नाही. तुमचा घुमट टेकला नाही, त्याचे कारण बहुधा हेच.

अष्टकोन बरोबर आला की कोपऱ्यातली पोकळी ६.२ वरून १.२ सेंटिमीटरवर येते. त्याचा सोळाकोन केला की ती अवघी ३ मिलिमीटर उरते. हेच गणित खऱ्या वास्तूला लावा. याच मशिदीच्या उत्तर टोकाला १०८८चा एक लहान घुमट आहे, ताज-उल-मुल्कने बांधलेला. तो निजाम-उल-मुल्कचा दरबारातला प्रतिस्पर्धी. या घुमटाचा व्यास साधारण १० मीटर. चौकोनावर कोपऱ्यातली पोकळी दोन मीटरच्या वर, अष्टकोनावर सुमारे ४१ सेंटिमीटर, सोळाकोनावर १० सेंटिमीटर. दहा सेंटिमीटर म्हणजे अर्धी वीट. तेवढी वीट पुढे काढून बसवता येते. सोळा कमानींचा पट्टा तिथे शोभेसाठी आलेला नाही, हे मुलांना या आकड्यांवरून पटते.

आता कोपरा तिरका कापला म्हणजे काय केले? त्या तिरक्या रेषेवर एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत कमान टाकली. वरचा भार ती दोन्हीकडच्या भिंतींवर वाटते. इराणात हा प्रकार तिसऱ्या शतकापासून, फिरूझाबादच्या सासानी राजवाड्यापासून आहे. सेल्जुक गवंड्यांनी त्यात सुधारणा केली ती अशी: एकच मोठी कमान न टाकता मधे एक खोल लहान कमान आणि तिच्या दोन्ही अंगांना पाव-घुमटाचे तुकडे. तीन पाकळ्यांसारखे दिसते. भार तीन वाटांनी खाली जातो. उत्तर घुमटात या प्रत्येक कमानीच्या कडेची रेघ खाली बारीक अर्धस्तंभ होऊन जमिनीपर्यंत येते, त्यामुळे वरचा भार कुठून उतरतो ते खाली उभे राहून बोटाने दाखवता येते. सहल विजापूरला नेत असाल तर गोल घुमटात दुसरी युक्ती दाखवा. तिथे आठ मोठ्या कमानी एकमेकींना छेदत जातात आणि त्यांच्या छेदांतूनच अष्टकोन तयार होतो.

चिरांचे कारण वेगळे. अर्धगोल घुमटाचा वरचा भाग स्वतःच्या वजनाने दाबला जातो, खालचा भाग बाहेर पसरू पाहतो. शिखरापासून मोजले तर साधारण ५२ अंशांच्या खाली आडवा ताण सुरू होतो. विटेला, मातीला, प्लास्टरला दाब सोसतो, ताण सोसत नाही, म्हणून चीर नेहमी खालून वर जाते. यावर इराणी गवंड्यांचे उपाय दोन. घुमट अर्धगोल न ठेवता वर टोकदार करायचा, म्हणजे बाहेरचा जोर घटतो. आणि पायाशी जाडी वाढवायची. तुम्हीही तेच करा. उंची व्यासाच्या अर्ध्याहून थोडी जास्त, म्हणजे १७-१८ सेंटिमीटर ठेवा. खालची जाडी दोन सेंटिमीटर आणि वर एक पुरे. सर्वांत खालच्या चार बोटांत सुंभाचे धागे पिंजून मातीत मिसळा. वाळवणे सावलीत, वर ओले फडके टाकून. जून ते सप्टेंबरात हा उद्योग करूच नका. बाहेरून सुकल्यासारखा दिसतो, आत ओल राहते आणि साच्यातून काढताना बसतो.

प्लास्टर ऑफ पॅरिस वापरणार असाल तर पाण्यात पूड भुरभुरवायची, पुडीत पाणी ओतायचे नाही. गाठी होतात. घट्ट व्हायला लागलेल्या मिश्रणात पाणी घालून पुन्हा पातळ करायचा मोह मुलांना होतो. ते मग कधीच नीट धरत नाही. एका वेळी वाटीभरच कालवा.

प्रश्न (म्हापसा, बांधकाम व्यावसायिक): लाकडी सेंट्रिंग (खालचा तात्पुरता आधार) न लावता विटांचे घुमट बांधत, असे लेखात होते. ते कसे शक्य आहे? आणि आपल्याकडे ही पद्धत का आली नाही?

उत्तर: सगळा खेळ गचाचा आहे. फारसीत ‘गच’ म्हणजे जिप्समचे प्लास्टर. मराठीत गचकाम, गच्ची हे शब्द याच घराण्यातले. जिप्सम दीडशे अंश सेल्सियसच्या आसपास भाजले की पूड तयार होते. चुनखडीला नऊशे अंशांच्या घरात भट्टी लागते. लाकूड दुर्मीळ असलेल्या प्रदेशात इंधनाचा हा फरक फार मोठा. त्याहून मोठा फरक धरण्याच्या वेळेचा. चुना हवेतला कार्बन वायू शोषत बाहेरून आत, महिनोन्‌महिने घट्ट होतो. गच काही मिनिटांत वीट धरून ठेवतो.

वीटही तशीच निवडलेली. आपली वीट लांबट आणि जाड, तिथली चौरस आणि पातळ: बाजू २० ते २५ सेंटिमीटर, जाडी चार-पाच सेंटिमीटर. वजन कमी, चिकटायला पृष्ठभाग जास्त. घुमट थरावर थर, कड्यावर कडे असा चढतो. प्रत्येक वीट आत किंचित कललेली असते. गच ती एकटीला घसरू देत नाही, आणि कडे पुरे जुळले की त्या थरातल्या विटा एकमेकींना अडवून धरतात. मग गचाचीही फारशी गरज उरत नाही. आकार बिघडू नये म्हणून मध्यावर बांधलेल्या दोरीने प्रत्येक थराचे अंतर तपासायचे. धोका असतो तो कडे अर्धे असताना काम थांबवण्याचा. दुपारची सुट्टी थर बंद झाल्यावरच. मोठ्या कमानींना हलक्या चौकटी लावत, पण पूर्ण घुमटाखाली लाकडाचे जंगल उभे करावे लागत नसे.

आता गोव्यात का नाही. गच पाण्यात विरघळतो. लिटरभर पाण्यात दोनेक ग्रॅम. इस्फहानला वर्षाकाठी पाऊस सव्वाशे मिलिमीटरच्या आसपास, आपल्याकडे तीन हजार. तिथेही गच उघडा ठेवत नाहीत, छतावर माती आणि भुशाचा लेप देतात. त्याला काहगिल म्हणतात. तो वेळोवेळी नवा करावा लागतो, दुर्लक्ष झाले की पाणी विटेत उतरते, आतले प्लास्टर फुगते आणि सुटते. इथे पहिल्याच पावसाळ्यात सगळे वाहून जाईल. शिवाय आपल्याकडे जांभा चिरा मुबलक, लाकूड मुबलक, शिंपल्यांचा चुना मुबलक. उतरते कौलारू छप्पर सोडून घुमटाच्या मागे लागायला इथल्या गवंड्याला कारणच नव्हते.

प्रश्न (मडगाव): उत्तरेच्या घुमटाचे गणित कवी-गणिती उमर खय्यामने केले, असे वाचले. खरे का?

उत्तर: हा तर्क आहे. खय्याम त्या काळात इस्फहानातच होता, मलिकशाहच्या वेधशाळेत. १०७९ची जलाली दिनदर्शिका त्या मंडळींच्याच कामातून आली. घुमटाच्या आतल्या विटांच्या रेघांत पाच टोकांची तारका आहे, आणि पंचकोनाची विभागणी कुशल भूमितीशिवाय होत नाही. एवढ्यावरून दोन गोष्टी जोडल्या गेल्या. घुमटाच्या शिलालेखात ताज-उल-मुल्कचे नाव आणि हिजरी ४८१ (इ. स. १०८८) हे साल आहे, खय्यामचे नाव नाही.

प्रश्न (वास्को): इराणी मशीद म्हटली की निळ्या फरशा डोळ्यांसमोर येतात. तुमच्या छायाचित्रांत घुमट आतून नुसते मातकट. रंग उडाला की कधी नव्हताच?

उत्तर: त्या दोन घुमटांत नव्हताच. सेल्जुकांची शोभा विटेतच आहे: वीट आडवी, उभी, तिरकी, थोडी आत, थोडी बाहेर; सांध्यांत गचाची नक्षी. आमच्या मते अख्ख्या मशिदीत पाहण्यासारखे ते हेच. पण दक्षिणेच्या ऐवानापाशी फोटो काढून लोक परततात आणि उत्तरेचा घुमट पाहायचा राहून जातो.

चौकातला निळा रंग नंतरचा, मुख्यतः पंधराव्या शतकापासूनचा आणि पुढे सफवी राजवटीच्या काळाचा. दक्षिण ऐवानाचे मोठे नूतनीकरण आक-कोयुनलू या तुर्कमान घराण्याचा राजा उझून हसन याच्या काळात, १४७५-७६ मध्ये झाले. यात दोन पद्धती ओळखायला शिका. ‘मुअर्रक’ म्हणजे कापकाम. एकेका रंगाची फरशी वेगळी भाजायची, कारण प्रत्येक झिलईला मानवणारी आच निराळी. मग छिन्नीने पाना-फुलांचे तुकडे कापायचे, कडा मागच्या अंगाला निमुळत्या घासायच्या, नक्षी पालथी मांडायची आणि पाठीवर गच ओतून पूर्ण तक्ता भिंतीवर चढवायचा. रंग लखलखीत राहतात, पण वेळ आणि पैसा फार. ‘हफ्तरंगी’मध्ये एकाच चौकोनी फरशीवर सात रंग भरून एकदाच भाजतात. काम झपाट्याने होते. रंग मात्र जरा दबलेले येतात, कारण सगळ्यांना एकच आच मिळते. जवळून पाहा: पानाची कड फरशीच्या सांध्यावरून सरळ पुढे जात असेल तर हफ्तरंगी, प्रत्येक पान स्वतःच एक तुकडा असेल तर मुअर्रक.

फरशी पडते ती बहुधा मागच्या ओलीमुळे. पाणी क्षार घेऊन येते, ते फरशीच्या पाठीमागे साठून स्फटिक होतात आणि तुकडा ढकलला जातो. सिमेंटने पुन्हा चिकटवला तर पुढच्या वेळी शेजारचा पडतो.

एक गोष्ट नकाशात राहिली होती. पश्चिमेच्या ऐवानाला लागून एका खोलीत मंगोल सुलतान ओल्जैतूच्या नावाचा १३१०चा मिहराब आहे, पूर्ण गचकामात कोरलेला. वेलबुट्टीवर अक्षरे, अक्षरांमागे पुन्हा वेलबुट्टी. त्याच्या शेजारी १४४७चे हिवाळी नमाजगृह. बुटके, जाड कमानींचे, उजेड येतो तो छतातल्या अर्धपारदर्शक दगडी तक्त्यांतून. थंडीत उष्णता धरून ठेवायला छत मुद्दाम खाली ठेवले आहे.

प्रश्न (कुर्टी-फोंडा): आमच्या शहापूरची साफा मशीद इराणी शैलीची का? ती बांधणारा म्हणून कुठे इब्राहिम आदिलशहाचे नाव असते, कुठे अलीचे. आणि खरी इराणी धाटणी जवळपास कुठे बघायला मिळेल?

उत्तर: बांधकामाचे साल १५६० धरले तर पहिला इब्राहिम १५५८ मध्येच वारला होता, म्हणजे राज्य पहिल्या अली आदिलशहाचे. फोंडा महाल तेव्हा विजापूरकडे होता. तिसवाडी १५१० मध्येच पोर्तुगिजांकडे गेली होती.

शैलीने ती इराणी नाही, आणि तेच तिचे वैशिष्ट्य. उंच जोते, लहानशी आयताकृती खोली, जांभ्या चिऱ्याच्या भिंती, वर कौलारू उतार. घुमट नाही, ऐवान नाही. भोवती अष्टकोनी खांबांचे अवशेष आहेत. इराणी धागा शोधायचा तर मशिदीच्या तळीकडे उतरा: पाण्यालगतच्या भिंतीत ओळीने टोकदार मेहरपींचे कोनाडे आहेत. हाच आकार, फक्त विटेऐवजी चिऱ्यात. चिरा सच्छिद्र असल्यामुळे कडा झिजल्या आहेत, म्हणून टोक स्पष्ट दिसायला सकाळचे तिरपे ऊन असताना जावे.

खरी धाटणी पाहायला घाट चढून कर्नाटकात जावे लागेल. गुलबर्ग्याच्या किल्ल्यातली जामा मशीद १३६७ची, कारागीर रफी, मूळचा इराणातल्या कझवीनचा. तिला चौकच नाही, पूर्ण जागेवर छत आहे. इराणी माणसाने दख्खनी उन्हाकडे बघून घेतलेला निर्णय वाटतो. पण आधी बिदर गाठा. तिथला मदरसा महमूद गवानने १४७२ मध्ये उभारला. गवान मूळचा कास्पियन समुद्राकाठच्या गिलानचा. त्याच वर्षी त्याने बहमनींसाठी गोवा जिंकून घेतला होता. मधे चौक, चार बाजूंना मोठी उघडी दालने, तीन मजले आणि दर्शनी भिंतीवर फरशांचे मुअर्रक काम. १६९६ मध्ये आत साठवलेल्या बंदुकीच्या दारूचा स्फोट होऊन प्रवेशाची बाजू आणि एक मनोरा उडाला. उरलेल्या मनोऱ्यावर निळे, पिवळे, पांढरे तुकडे अजून आहेत; जिथे ते पडले तिथे खालच्या गिलाव्यात प्रत्येक तुकड्याचा ठसा उमटून राहिला आहे, आणि त्या ठशावरून कापकामाचे सांधे मोजता येतात. दुर्बीण बरोबर न्या, तुकडे वरच्या बाजूला जास्त टिकले आहेत.